मूळ माप

प्रिय मुंगे,

फोन करू नकोस असं तू सांगितलं होतंस, म्हणून सव्वीस महिने केला नाही. पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस. ही पळवाट आहे हे मला कळतं, पण लहानपणी माझ्या प्रत्येक नियमातून तू अशाच पळवाटा काढायचीस, तेव्हा या एका बाबतीत तरी कुरकुर करू नकोस. पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस. मी तीन वेळा विचारलं तेव्हा कुठे ती वैतागून म्हणाली, घे बाबा, पण तिने फाडून टाकलं तर माझ्याकडे रडत येऊ नकोस. तर फाडायच्या आधी एवढं एकच वाच. त्या दिवशी बैठकीत तू खरं बोलत होतीस. टीप होती. तू म्हणालीस त्याच फाइलमध्ये, तू म्हणालीस त्याच ठिकाणी होती. मला सापडली.

बाकीचं सावकाश लिहितो. भराभर लिहिण्याइतका जोर आता राहिलेला नाही. चव्वेचाळीस म्हणजे काही फार वय नव्हे, पण हल्ली ऑफिसचा जिना चढताना मी मधल्या मजल्यावर थांबतो आणि आग लागल्यास काय करावे ही भिंतीवरची पाटी वाचत असल्याचं नाटक करतो. पाटी पाठ झाली आहे. घर जिथल्या तिथे आहे. तुझ्या खोलीत आम्ही कपडे वाळत घालतो, खिडकीची कडी तू मोडलीस तशीच मोडकी आहे, आणि आईचं शिवणयंत्र अजून पुढच्या खोलीत अर्धी वाट अडवून उभं आहे. माझ्या लग्नाचा विषय आईने सोडून दिला आहे. वर्षभर झालं असेल, एकदाही काढला नाही. मला हायसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

ऑफिसात लिंटर आणि वेगाच्या चाचण्या, ही दोन्ही लोढणी अजून माझ्याच गळ्यात आहेत. मागे एकदा आईने विचारलं की तू दिवसभर करतोस तरी काय. मी म्हणालो, लोक प्रोग्रॅम लिहितात, तो चालवायच्या आधी वाचून इथे चुकलंय, तिथे विसरलंय असे शेरे मारणारं एक साधन असतं, ते मी सांभाळतो. आणि कुणी काही बदललं की आधीपेक्षा संथ तर झालं नाही ना, हे घड्याळ लावून बघणारं दुसरं साधन असतं, तेही मीच सांभाळतो. आईने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, म्हणजे तू लोकांच्या चुका काढतोस आणि त्याबद्दल तुला पगार मिळतो? मला दोन नणंदा होत्या, त्या फुकट करायच्या. मी त्या दिवशी खूप हसलो. तू असतीस तर हे वाक्य छापून माझ्या टेबलावर चिकटवलं असतंस.

या वर्षीच्या सुरुवातीला विभागप्रमुख बाईंनी मला बोलावून सांगितलं की लोक दोन्ही साधनांना विटले आहेत, सहा महिने घ्या आणि काय ते सुधारा. विटतील नाही तर काय. आपला तो चाळीस लाख ओळींचा डोंगर, अठरा वर्षं साडेतीनशे जणांनी रचलेला, आणि लिंटरचे त्यावर एक्केचाळीस हजार शेरे. इतके शेरे म्हणजे एकही नसल्यासारखंच. लोक वाचतच नव्हते. जिथे तो फारच बडबड करी तिथे त्या ओळीपुरतं त्याचं तोंड बंद करायची सोय आहे, ती वापरून सगळे मोकळे व्हायचे. अशा सहा हजार तोंडं बांधलेल्या ओळी निघाल्या. कारण लिहायची पद्धत असूनही बहुतेकांनी कारणाच्या जागी नुसतं एक टिंब दिलेलं. मी एकेक उघडून बघायला बसलो. कंटाळवाणं काम आहे, पण कंटाळवाण्या कामाला बुद्धी लागत नाही, आणि माझ्याकडे हल्ली तीच कमी असते.

त्यात तुझ्या एकोणीस निघाल्या. प्रत्येकीत पूर्ण वाक्यात कारण. एका ठिकाणी तू लिहिलं होतंस, 'हे नाव लांब आहे हे मलाही दिसतं. आखूड केलं तर पुढच्या माणसाला कळणार नाही. नियम करणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.' नियम करणारा मीच, आणि तू दोन रांगा सोडून बसायचीस, पण मी काही आलो नाही. ते वाचलं त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत खाली गेलोच नाही. तुझं म्हणणं बरोबर होतं, माझा नियम चुकीचा होता, म्हणून मी तो काढून टाकला. असे एकूण दोनशे दहा नियम काढले. शेरे आता नऊशेवर आले आहेत आणि लोक ते वाचतात. मफलरसुद्धा वाचतो. हो, तो आहे अजून, आणि अजूनही भर उन्हाळ्यात वातानुकूलनाच्या नावाने बोटं मोडत गळ्याला मफलर गुंडाळून बसतो.

आता त्या दिवसाबद्दल लिहितो. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या बाजूने मी ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पार्सलांच्या गोदामातला सरकता पट्टा आपल्या प्रोग्रॅमला विचारतो की हे पार्सल कुठे पाठवू, आणि उत्तरासाठी आठशे मिलिसेकंद थांबतो. तेवढ्यात उत्तर आलं नाही की पार्सल बाजूला फेकतो. त्या सकाळी उत्तरं आठशेच्या वर गेली आणि पट्ट्यांनी सगळीच पार्सलं बाजूला फेकायला सुरुवात केली. चार तासांत छपराला टेकतील असे ढीग. नंतर तीन दिवस आपण दोघंही धड झोपलो नव्हतो. चौथ्या दिवशी काचेच्या खोलीत बैठक झाली, पडद्याची दोरी नेहमीप्रमाणे अडकलेली, ऊन थेट आलेखावर. मी वेगाच्या चाचणीचा आलेख लावला. त्या आठवड्याचा खांब तेवढा लाल होता, मागच्या आठवड्यापेक्षा सहा टक्के संथ, आणि खाली बदल करणारी म्हणून तुझं नाव. मी म्हणालो, चाचणी काय ते स्पष्ट सांगते आहे. मी हे माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल बोलत होतो, आणि मला आतून जरा अभिमान वाटत होता की बघा, मी घरच्यांनाही सोडत नाही.

तू म्हणालीस, चाचणीच चुकीचं मोजते आहे, मी आठ महिन्यांपूर्वी त्याच फाइलमध्ये तशी टीप लिहून ठेवली आहे. मी सगळ्यांसमोर ती फाइल उघडली. वरपासून खालपर्यंत शोधलं. टीप नव्हती. तू म्हणालीस, दादा, जुन्या नोंदी बघ, कुणीतरी काढली असेल. आणि मी म्हणालो, ते उकरत बसायला आत्ता वेळ नाही. मफलर हसला. फार नाही, नाकातून जेवढं येतं तेवढंच. तू लॅपटॉप मिटलास, उठलीस, आणि खुर्ची नीट टेबलाखाली सरकवून गेलीस. त्या खुर्चीचाही मला राग आला होता. चिडलेल्या माणसाने दार आपटावं की नाही?

जुन्या नोंदी बघायला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं मी का दिली नाहीत, याची खूप कारणं मी स्वतःला देऊन बघितली आहेत. खरं कारण एवढंच की बहिणीला वाचवायला उकरत बसला, असं कुणी म्हणू नये. आणि त्यानंतर सव्वीस महिने नाही बघितलं, कारण सापडलं तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं. तू आठवड्याभरात घर सोडलंस. आई दर रविवारी, जेवणं झाली की, भांडी आवरता आवरता विचारायची, बघितल्यास का रे त्या जुन्या नोंदी? मी म्हणायचो, बघतो.  ती भांडं जरा जोरात ठेवायची.

वेगाच्या चाचणीचं घोडं कुठे अडलं होतं ते आता सांगतो. आपली ती सोमवारची आंघोळ आठवते? नाव तूच ठेवलं होतंस. सुरुवातीला आपली चाचणी पहिल्या दिवशीच्या आकड्याशी तुलना करायची. मशिनं कधी तापलेली असतात, कधी दमलेली, आकडा इकडेतिकडे होतोच, आणि मग उगाचच लाल दिवे लागायचे आणि लोक माझ्या टेबलाशी येऊन भांडायचे. मला भांडणं सोसत नाहीत. म्हणून मी ठरवलं की दर सोमवारी मागचे आकडे पुसायचे, त्या दिवशीचा आकडा नवा धरायचा, आणि आठवडाभर त्याच्याशी तुलना करायची. पाच टक्क्यांच्या आत असेल तर हिरवा. लाल दिवे बंद झाले, लोक खूश, मला त्या वर्षी शाबासकीही मिळाली. सोमवारी सगळं आंघोळ करून स्वच्छ बसायचं. मला वाटलं मी प्रश्न सोडवला.

तू गेल्यावर आम्ही तुझा बदल काढला आणि पट्ट्याने थांबायचा वेळ दुप्पट केला, म्हणजे दुखणं तसंच ठेवून अंथरूण लांब केलं. या वर्षी गोदामाकडून परत तक्रारी यायला लागल्या. माझे खांब मात्र सगळे हिरवेगार. तीन आठवडे मी नुसता डोकं धरून बसलो होतो. एका शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप पसरून बसलो असताना आई शेजारी माझ्या पँटची दुमड उसवत होती. मी आपला स्वतःशीच बडबडत होतो की मागच्या आठवड्यापेक्षा कधीच संथ नाही, मग संथ झालं कुठून. आईने विचारलं, मागचा आठवडा कशावरून मोजलास? म्हटलं, त्याच्या मागच्यावरून. ती म्हणाली, आणि तो?

म्हटलं, त्याच्याही मागच्यावरून. मग ती म्हणाली, "अरे, आधी कापलेला तुकडा ठेवून त्यावरून पुढचा कापायचा नसतो. दर वेळी कात्री सुताभर बाहेर जातेच. मूळ कागद असतो ना, त्यावरूनच प्रत्येक कापायचा. माझ्याकडच्या मदतनीस बाईने शाळेचे चाळीस सदरे असेच कापले होते, शेवटच्या सदऱ्यात दोन पोरं मावली असती." तिला ती बाई, तो कापडाचा रंग, शाळेच्या मुख्याध्यापकांचा चेहरा, सगळं आठवत होतं. सांगताना तिचे हात हवेत कापड पसरत होते. तीस वर्षं दुकान चालवणाऱ्या बाईला जे शिवणाच्या पहिल्या महिन्यात कळलं, ते मला अठरा वर्षांत कळलं नाही. 

मग मी मूळ कागद शोधला. गोदामाच्या प्रोग्रॅमची पाच वर्षांपूर्वीची पहिली आवृत्ती काढली, एक मशीन वेगळं बांधून ठेवलं, त्यावर दुसरं काही चालवायचं नाही असं बजावलं, आणि तिथून प्रत्येक सोमवारची आवृत्ती एकामागून एक मोजत पुढे आलो. पहिल्या दिवशी उत्तराला दोनशे मिलिसेकंद लागत होते. त्यानंतर दर आठवड्याला शंभरात एखादा, कधी तेवढाही नाही. कुणीच काही वावगं केलं नव्हतं. मफलरने थोडं, मी थोडं, आता नोकरी सोडून गेलेल्यांनी थोडं. तुझा बदल आला त्याच्या आदल्या सोमवारी आकडा सातशे साठवर होता. तुझ्या बदलाने सहा टक्के वाढले हे खरं आहे, ते मी लपवणार नाही, तुलाही ते आवडणार नाही. पण सातशे साठवर सहा टक्के म्हणजे आठशे पाच, आणि मुळातल्या दोनशेवर सहा टक्के म्हणजे बारा. बारा मिलिसेकंदांनी कुणाचं काहीही बिघडलं नसतं. गाडी आम्ही सगळ्यांनी मिळून भरली होती, तू फक्त शेवटची पिशवी ठेवलीस, आणि खापर सगळं तुझ्या डोक्यावर फुटलं.

आवृत्त्या मोजत येताना ती टीप दिसली. पडझडीच्या आठ महिने आधीच्या आवृत्तीत ती आहे. पुढचे तीन महिने आहे. मग नाही. काढणाऱ्याचं नाव बघितलं तर तिथे लिहिलंय, झाडू. मुंगे, झाडू मी लिहिलेला आहे. लिंटरला जोडलेली ती माझीच युक्ती, की ज्या टिपेला कामाचा क्रमांक नाही आणि जी नव्वद दिवस पडून आहे, ती आपोआप काढून टाकायची, म्हणजे फाइली कशा नीटनेटक्या. चौदाशे टिपा काढल्या म्हणून मी त्यावर व्याख्यानसुद्धा दिलं होतं. त्या चौदाशेंत तुझी एक होती. म्हणजे चुकीचं मोजणारी पद्धत माझी, ती चूक सांगणारी टीप पुसणारा मी, आणि सगळ्यांसमोर अशी टीपच नाही म्हणणाराही मी.

टीप जशीच्या तशी उतरवतो, तू विसरली असशील. 'ही चाचणी दर वेळी मागच्या सोमवारशीच तुलना करते. थोडं थोडं वाढत गेलं तर कधीच दिसणार नाही. पहिला आकडा कुठेतरी पक्का ठेवायला हवा. दादाशी बोलायचं आहे, पण तो सध्या फार दमलेला दिसतो. पुढच्या आठवड्यात बोलते.' क्रमांक टाकला नाहीस, कारण क्रमांक टाकला असता तर माझ्या नावावर एक काम वाढलं असतं. मी ऑफिसात कधी रडलो नव्हतो. त्या दिवशी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडलो, आणि बाहेर आलो तर मफलर हात धुवायला उभा. त्याने माझ्या हातात कागदी रुमाल ठेवला आणि गेला. माणूस तसा वाईट नाही.

मागच्या सोमवारी त्याच काचेच्या खोलीत मी सगळं मांडलं. दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले, टीप मोठ्याने वाचली, झाडू कुणी लिहिला तेही सांगितलं. मला वाटत होतं खोलीत सन्नाटा पसरेल. काही नाही गं. निम्म्या लोकांना तू आठवतच नव्हतीस. नंतर आलेल्यांना तो प्रसंगही माहीत नाही. एकाने विचारलं, मग पुढच्या तिमाहीत हे मशीन वेगळं ठेवायचं का. विभागप्रमुख बाई मात्र बराच वेळ चष्मा पुसत होत्या. त्या म्हणाल्या, तेव्हाचा अहवाल दुरुस्त करा आणि तिचं नाव काढा. मी म्हणालो, नुसतं काढणार नाही, त्या जागी माझं टाकणार. तसं टाकलं आहे. प्रत पत्रासोबत आहे, खाली बाईंची सही आहे. झाडू बंद केला. लिंटर आता एकही टीप स्वतःहून काढत नाही, लिहिणाऱ्याला विचारतो. पहिल्या आवृत्तीचा आकडा पक्का केला आहे आणि तो बदलायला तिघांच्या सह्या लागतात. हे सगळं तू दोन ओळींत सांगितलं होतंस.

मला माफ कर असं लिहायला बसलो होतो, पण दोनदा लिहून खोडलं. तू माफ करावंस म्हणून हे मी लिहीत नाही. माझ्यामुळे तुझी नोकरी गेली, घर सुटलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तू खोटं बोलतेस असं लोकांना वाटलं. माझं चुकलं. फार चुकलं. तू हयातभर माझ्याशी बोलली नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. पुढे जे लिहितो आहे, त्याचा या माफीशी संबंध लावू नकोस. ते त्याच्या बदल्यात मागत नाही.

गोष्ट आईची आहे. मागच्या रविवारी तुझा नेहमीचा फोन आला. मी नेहमीसारखा बाहेर जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटं ती तुझ्याशी छान बोलली, जेवलीस का, थंडी आहे का, जप स्वतःला. तेवढी पाच मिनिटं तिला जमतात, म्हणून तुला कधी काही जाणवलं नसणार. फोन ठेवून ती खिडकीशी गेली आणि थोड्या वेळाने मला म्हणाली, मुंगी अजून कशी आली नाही रे कामावरून, तुम्ही बरोबरच निघता ना? दुसऱ्या दिवशी, बैठक उरकली तसा, मी तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, हे कधीपासून आहे? मी म्हणालो, इतक्यातच. त्या म्हणाल्या, इतक्यात म्हणजे महिना, की वर्ष? आधी कशा होत्या? आणि मुंगे, मला सांगता येईना. ती आवाराला सहा फेऱ्या मारायची, मग पाच, मग गुडघा दुखतो म्हणून तीन, आता दारापर्यंत. मावशीकडे जायची थांबली, मला वाटलं आळस. एकच गोष्ट दोनदा विचारायची, म्हटलं कालही विचारलीच होती. मी रोज तिच्याकडे बघत होतो आणि रोज ती कालच्यासारखीच होती. रविवारी ती जुन्या नोंदींबद्दल विचारायची, ते कधी थांबलं तेही मला सांगता येत नाही. थांबलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं. मला वाटलं, तिने मला माफ केलं. ती विसरली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, यांना नीट ओळखणारं, पण मध्ये बरेच दिवस न भेटलेलं कुणी आहे का, त्यांना घेऊन या, किती फरक पडलाय ते तेच सांगू शकतील. तू तिला शेवटची भेटलीस त्याला चौदा महिने झाले. चांगली धडधाकट आई शेवटची तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. म्हणून हे पत्र. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता परत बोलावलं आहे. ये. मी नको असेन तर मी ऑफिसात थांबेन, तू आणि आई जा. मात्र घराचं दार हल्ली तीच उघडते, दुसऱ्या कुणाला उघडू देत नाही. तुला बघून तिने विचारलं, 'आज फार उशीर झाला गं?' तर तिला काही समजावू नकोस. हो म्हण आणि आत जा.

तू बोलावशील तेव्हाच समोर येणारा,
तुझाच,
दादा